विहिरीत सोडलेली बाटली

आमचे मालक समुद्रापल्याडच्या बसऱ्याच्या लढाईवरनं परत आले त्या वर्षीच्या पाडव्याची गोष्ट. कडुलिंबाचा फुलोरा, गूळ, चिंच वाटून मी सगळ्यांच्या हातावर ठेवला. समदे तोंडं वाकडी करून गिळून मोकळे झाले. मालक मातर तो घास तोंडात धरून डोळे मिटून बसले. गिळंनातच. मी म्हटलं, "आवं, कडुलिंब हाय तो, खडीसाखर न्हाई." तर म्हणाले, "आगं, अजून हाय का?"

लढाईवर जायच्या आधी हाच माणूस कारल्याची भाजी बघून ताट सरकवायचा.

खरं सांगते, माणूस परत आल्ता, पण घरी आल्ता का, हेच मला कळत नव्हतं. आमच्या वाटूर गावच्या रानात औत हाकायचे, पण बैलांशीबी बोलायचे न्हाईत. ओसरीवर बसले की नजर कुठं तरी लांब. माझं तोंड पहिल्यापासून चालू, आता भिंतीशी बोलून राह्यले होते. मला माझा माणूस पहिल्यासारखा पाहिजे होता. बस, बाकी काही न्हाई.

खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं. तिकडं ते फौजेची खेचरं हाकायचे. एकदा गोऱ्यांच्या बियरची पेटी खेचरावरनं पडली अन् तिच्यातली एक बाटली साबूत राहिली. "कडू व्हती," म्हणाले. "पण काय कडू! आधी जीभ आवळते, मंग संत्र्याच्या सालीवाणी वास येतो." एवढं बोलले अन् उठून बैलांकडं गेले.

म्हटलं, अरे देवा, एवढंच ना? कडू तर कडू! आमच्या सासूबाई द्वारकाबाई माळकरी. त्यांच्या नजरेआड मी साळूबाईकडनं शिंदी आणवली, तिचा नवरा शिंदीची झाडं छेदायचा. तिच्यात कडुलिंबाचा फुलोरा भिजवला. मालकांनी घोट घेतला अन् म्हणाले, "न्हाई, ही न्हाई." मंग गुळवेल टाकली. तीबी न्हाई. काडेकिराईत टाकलं तर बिचाऱ्यांना ओकारीच झाली. साळूबाई म्हणाली, "दुर्गाबाई, नवऱ्याला मारता का काय?" मी म्हटलं, "तू शिंदी दे, अक्कल नको देऊ."

शेवटी भावाला गळ घातली. माझा भाऊ गिरिधर जालन्याला कापसाच्या जिनिंगवर होता. तिथल्या गोऱ्या साहेबाच्या खानसाम्याला पटवून त्यानं एक बाटली आणली, सरकीच्या पोत्यात लपवून. मी ती बादलीत ठेवून मळ्यातल्या विहिरीत सोडली, गार व्हायला. दुपारी मालकांनी औत सोडलं, तसा त्यांच्या हातात दोर दिला. म्हटलं, "वढा."

मोटंचे बैल चालतात त्या धावेवर आम्ही बसलो अन् विळ्याच्या टोकानं त्यांनी बूच उडवलं. फेस मनगटावरनं वाहिला. मोठा घोट घेतला. माझा जीव टांगणीला.

"हीच," म्हणाले. "बराबर हीच."

मला असा आनंद झाला म्हणता! जिंकले बाई, असं वाटलं. पण मी काही बोलायच्या आत त्यांनी बाटली उजव्या हाताला पुढं केली, न बघताच. मी तर डाव्या बाजूला बसलेली. उजवीकडं कुणीच नव्हतं, नुसती धावेवरची माती. हात तसाच राह्यला, हालेना.

"कोण बसायचं हो तिथं?" मी विचारलं.

"रंगनाथ," ते म्हणाले. "कुंभार पिंपळगावचा. एक घोट त्याचा, एक माझा, अशी ती बाटली संपवली. मंग थोड्याच दिवसांत पटकीच्या साथीत गेला. जाळायला लाकूडबी मिळालं न्हाई त्याला." अन् एवढा थोराड गडी ओक्साबोक्शी रडाया लागला.

किती येडी मी! आपली कडू पाला वाटत बसले. उठले, त्यांच्या उजव्या हाताला जाऊन बसले अन् बाटली घेतली. माळकऱ्याच्या घरची सून, भर मळ्यात दारू पिऊन राह्यली! सासूबाईंनी पाह्यलं असतं तर त्याच विहिरीत ढकललं असतं. घोट घेतला अन्... आगं आई! भाकरीच्या आंबलेल्या पिठात कडुलिंब उकळावा तशी चव. थू थू करून मी पदरानं जीभ पुसली.

मालक रडता रडता हसले. "रंगनाथबी असाच थुकला व्हता," म्हणाले. "मंग म्हणाला, आण इकडं, व्हईल सवय."

"मंग आणा इकडं," मी म्हटलं.

दुपार कलेपर्यंत ते रंगनाथाचं सांगत राह्यले. तो खेचरांना शिव्या कशा द्यायचा, झोपेत आईला हाका कशा मारायचा. अन् मी त्याच्या वाटणीचे घोट पीत राह्यले.

त्यानंतर दर पाडव्याला आमची दोघांची वाटी एकच. एक घास त्यांचा, एक माझा. लोक हसायचे. हसू द्या, म्हटलं.

औंदा रझाकारांच्या धास्तीनं पाडवा दार लावून केला. मालकांना जाऊन वर्ष होत आलं. लई आठवण येते हो, कामात असले तरी येते. मी फुलोरा वाटला, एक घास तोंडात धरला, डोळे मिटले अन् वाटी डाव्या हाताला, मालक बसायचे तिथं, पुढं केली.

"आत्याबाई," माझी सून गोजर म्हणाली, "कुणाला देऊन राह्यल्या? तिथं कुणी न्हाई."

"दिसतं मला," मी म्हटलं. "तू तुझं गिळ."

वाटी मातर मी मागं घेतली न्हाई.