श्रीरामकाकांची मूठ

मिल बंद झाली त्या दिवशी श्रीरामकाकांच्या उजव्या हाताची मूठ वळली, ती तीन वर्षं उघडली नव्हती. झोपेत जरा सैल पडायची, जाग आली की पुन्हा घट्ट. हाडांच्या डॉक्टरांनी हाडं पाहिली, मेंदूच्या डॉक्टरांनी नसा पाहिल्या, सगळं शाबूत. कुणी म्हणालं सोंग आहे, कुणी म्हणालं बाहेरचं आहे. काका डाव्या हाताने जेवायला शिकले आणि उजवा हात खिशात घालून हिंडू लागले.

आता मात्र तो खिशातून काढायची वेळ आली होती. गावाबाहेर बेटम्याच्या रस्त्यावर औषधांची पाकिटं भरायचा एक नवा कारखाना निघाला होता, तिथे त्यांना येत्या सोमवारपासून बोलावलं होतं. दोन्ही हात लागणार होते. छप्पन वर्षांच्या माणसाला दुसऱ्यांदा कोण बोलावतो?

म्हणून ते सुदामा नगरातल्या एका छोट्या दवाखान्यात धम्मदीनासमोर बसले होते. धम्मदीना महूची. मानसशास्त्र शिकून, संमोहनाचं रीतसर शिक्षण घेऊन आलेली, घरी आठ महिन्यांची लेक आईपाशी ठेवून रोज तीन तास इथे बसायची. काकांच्या हातावर यंत्राच्या चकत्या चिकटवताना तिला वाटलं, ही मूठ आपण रोज पाहतो. फक्त घरची ती इवलीशी असते, आणि तिला कुणी सोंग म्हणत नाही.

"काका, संमोहन म्हणजे झोप नव्हे. तुम्हाला सगळं ऐकू येईल, सगळं कळेल. मी नुसतं तुमचं लक्ष एका जागी बसवणार. आणि हाताचा स्नायू किती ताणलाय ते हे यंत्र सांगणार. ताण असला की कूंऽ करतं, ताण उतरला की गप्प बसतं."

"मतलब घरी आहे तेच," काका म्हणाले. "फक्त घरचं गप्प नाही बसत."

"बसले होते ना मी गप्प, लग्नात," मंजुळाकाकू कोपऱ्यातल्या स्टुलावरून म्हणाल्या. "तिथेच तर फसले!"

तो मंगळवार होता, पहिली बैठक. धम्मदीनाने काकांना डोळे मिटायला लावून एका तळ्याकाठी नेलं. संथ पाणी, चिटपाखरू नाही, सगळीकडे शांतता. यंत्राचा काटा उतरत गेला, कूंऽ बारीक होत होत थांबलं. आणि थांबल्याबरोबर काटा ताडकन वर! मूठ पहिल्यापेक्षा घट्ट. सहा वेळा तसंच झालं. तिला वाटलं, आपण घाई करतोय.

गुरुवारी दुसरी बैठक. तिने आवाज आणखी मऊ केला, तळं आणखी शांत केलं. पुन्हा तेच. काकांच्या कपाळावर घाम.

"होत नाही मॅडमजी. रहने दो."

तेवढ्यात लाइट गेली. यंत्राला आत सेल होते, ते चालूच राहिलं. पंखा मात्र थांबला आणि समोरच्या ज्यूसवाल्याने दुकानाबाहेर जनरेटर सुरू केलं. धाड-धाड-धाड-धाड. खिडकी थरथरू लागली. "अरे भिया, जरा आत घे ना ते!" असं ओरडायला धम्मदीना उठली, आणि उठता उठता तिची नजर काट्याकडे गेली.

काटा खाली होता. खालीच राहिला होता.

ती हळूच पुन्हा बसली. काकूंना म्हणाली, "काकू, घरी यांना झोप कधी लागते?"

"घरी ना? खाली आट्याची चक्की आहे. ती चालते तोवर हे घोरतात. चक्की बंद झाली की उठून बसतात, कुणी हाक मारल्यासारखे. मी म्हणते, उलटी खोपडी आहे!"

"उलटी नाही," काका मिटल्या डोळ्यांनीच बोलले. "मिलच्या साचाखात्यात कापड विणायचे चार माग होते माझ्याकडे. डुलकी लागायची हो उभ्या उभ्या, एवढ्या आवाजात. पण चारातला एक थांबला म्हणजे धागा तुटला. मग डोळा उघडायच्या आधी हात पोचायचा. थांबलेला माग फोरमनने पाहायला नको."

धम्मदीनाने यंत्र जवळ ओढलं. शांतता म्हणजे आराम, असं ती पुस्तकातून शिकली होती आणि दोन दिवस याच माणसाला शांततेकडे ढकलत होती. यंत्रही तिने तसंच लावलं होतं: हात सैल पडला रे पडला की आवाज बंद. म्हणजे माग बंद. म्हणजे धाव! मिल थांबल्यापासून तीन वर्षं तो हात धावतच होता.

"काका, चूक माझी आहे," ती म्हणाली. "तुमचा हात चोख काम करतोय."

तिने यंत्राची पाठ फिरवून एक खटका उलटा केला. आता हात सैल असेल तोवर यंत्र टकटक करणार, ताण आला की गप्प. कूंऽ तर तिने काढूनच टाकलं.

"चला, साचाखात्यात जाऊ. दार तुम्ही उघडा."

काका मनाने आत गेले. वाटेत त्यांनी तेलाचा वास सांगितला, छताच्या काचा सांगितल्या, पायांखालून वर चढणारी थरथर सांगितली. टकटक सुरू झाली. आधी तुटक, मग सलग.

"चारही माग चालू आहेत, काका. धागा कुठेच तुटलेला नाही. हाताला आत्ता काही काम नाही."

करंगळी आधी उघडली. मग एकेक बोट. आतला तळवा पांढराफटक, भिजल्यासारखा, नखांच्या चार खुणा त्यावर. मंजुळाकाकू स्टुलावरून उठल्या आणि पदराने तो तळवा टिपू लागल्या. टकटक चालूच होती.

शनिवारी धम्मदीनाने दहा वेळा हात उघडवून घेतला, मग यंत्र बंद केलं.

"सोमवारी हे बेटम्याला येणार नाही तुमच्याबरोबर. आता माग मनातल्या मनात तुम्हीच चालवायचे."

खोली गप्प झाली. बोटं आत वळू लागली, अर्ध्यावर आली. धम्मदीना नुसती पाहत राहिली. मदत करायची नाही, हे तिने ठरवलं होतं. मग काकांची टाच जमिनीवर हलकेच पडू लागली. एक, दोन, एक, दोन. बोटं थांबली. आणि त्या शांततेत, सावकाश, उघडली.

काकांनी काकूंच्या पदराचा एक सुटलेला धागा ओढून तोडला, पुन्हा मधोमध तोडला आणि दोन्ही हातांनी टोकं अशी काही जुळवली की गाठ कधी पडली ते कळलंच नाही. धागा ताणून त्यांनी धम्मदीनापुढे धरला.

"खेचा."

तिने खेचला. गाठ हलली नाही.

"पदर उसवला माझा," काकू डोळे पुसत म्हणाल्या.

"दुसरी साडी घेऊन देईन. सोमवारी सातची बस आहे, डबा लवकर कर." काकांनी उजवा हात पुढे केला आणि दाराची कडी स्वतः काढली.