मधुकररावाचा नेम

आंजीच्या बाजारओळीत मधुकररावाचं कापडाचं दुकान. लुगडे, टॉवेल, शाळेचे डरेस. माणूस असा बोलका, का गिऱ्हाइकानं एक टॉवेल घ्यावा अन् दोन चहा पिऊन जावं. पण तीन सालापासून हा माणूस मुकाट झालता, अन् काऊन झालता हे गावात कोणालेच मालूम नव्हतं.

झालतं असं. संडासात रक्त पडे. मधुकरराव म्हणत, मूळव्याध आहे. सालभर सुरण खाल्ला, ज्यानं जो पाला सांगितला तो वाटून पेला. मंग पुण्याले पोराकडं गेलते, तं गजेंद्रानं धरूनच दवाखान्यात नेलं. मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. डॉक्टरनं आतडं कापलं, खालचा रस्ता कायमचा शिवून टाकला अन् पोटावर डाव्या अंगाले नवा रस्ता काढून देल्ला. त्याच्यावर पिशवी चिकटवाची. जे याचं ते पिशवीत येते. नंतर सहा महिने किमो. केस गेले, चव गेली, पण जीव राह्यला. घरवाली सुलोचनाबाई अगोदरच गेलती. तिले हे पाहा लागलं नाई, अन् मधुकररावाले पाहाले कोणी राह्यलं नाई.

गावात सांगितलं, पोराकडं होतो, तिथलं पाणी मानवलं नाई.

आल्यावर महिन्याभरातच लक्ष्मणरावाच्या नातीचं लगन आलं. पंगत बसली. दोन घास पोटात गेले नाई, तं पिशवी बोलली. गुर्रर्र! त्या रस्त्याले लगाम नसतो, वारा सुटला का सुटला. बाजूचे दोघं हासले. मधुकररावाचं तोंड लाल झालं अन् ते भरल्या पानावरून उठले. आता आपल्याकडं सगळ्याइचं झाल्याबिगर पंगतीतून उठणं म्हणजे जेवू घालणाराच्या तोंडात मारणं. लक्ष्मणराव धावत आले, "काऊन उठले? काय चुकलं आमचं?"

तोंडातून निघून गेलं, "माहा नेम आहे. परक्या घरचं अन्न चालत नाई. भुलून बसलो."

झालं! नेम म्हटल्यावर गाव हात जोडते. लगनाची पत्रिका येई, संगं नारळ येई, पण "जेवाले या" कोणी म्हणेना. पाप कोण घेईल अंगावर? पाया पडाले मात्र येत. ताराचंद, ज्याच्यासंगं चाळीस साल एका ताटात खाल्लं, तो बी "महाराज" म्हणून वाके. त्याची घरवाली मंदाबाई पहिले "भाऊजी, भाऊजी" करे, ते बी गेलं.

मधुकरराव एकटेच खिचडी टाकत. जेवून खाटेवर बसत अन् पोटाकडं पाहून म्हणत, "बोल आता माय. इथं हासाले कोणी नाई." तं ती बोलेच ना.

यंदा मार्गशीर्षात वर्ध्याले तपासणीले गेले. डॉक्टरीन पोरगीच होती. कागद पाहून हासली, "काका, सगळं साफ आहे. आता सालभरानं या."

मधुकररावानं बाहेर येऊन गजेंद्राले फोन लावला.

"वा बाबा! मस्त! मी मीटिंगमधे आहे, संध्याकाळी करतो."

एसटीत बसले. बाजूले एक म्हातारा पेंगत होता. त्याले हलवून सांगाव वाटलं, का बाबा, मी वाचलो. पण गावाकडचाच असला तं? एवढा बिमार होतो हेच कोणाले ठाऊक नाई, तं बरा झालो हे कोणाले सांगाव? असा जीव कासावीस झाला, का कॅन्सर निघाला तवा बी झाला नव्हता.

आंजीच्या अलीकडं ताराचंदचं वावर लागते. खिडकीतून गोवऱ्याचा धूर दिसला. ताराचंदकडची सालोसालची रोडग्याची पंगत! आरावर कणकेचे रोडगे फिरवाचं काम तीस साल मधुकररावाचं. तीन सालापासून बलावणं नाई.

"थांबवा, थांबवा!" मधुकरराव उठलेच.

ताराचंद धोतर झटकत पुढं आला. "महाराज! इकडं कसं येणं केलं?" अन् वाकला.

"पाया नको पडू. विहिरीमागं चाल."

विहिरीमागं मधुकररावानं सदरा वर केला. ताराचंद पाहतच राह्यला.

"हे काय व्हय?"

"संडासाचा रस्ता. कॅन्सर होता मले. आज डॉक्टरीन म्हणे, साफ आहे."

"अन् नेम?"

"नेम गिम काई नाई. पंगतीत हे वाजलं. लाज वाटली."

"तीन साल पाया पडून राह्यलो बे मी तुह्या!"

"मी म्हटलतं, पड म्हून?"

"मंदीनं तुह्याकडून अंगारा आणला गुडघ्याले!"

"उदबत्तीची राख होती ते. मागूनच राह्यली, तं काय करू? गुडघा कसा आहे?"

"बरा आहे, तेच तं!" ताराचंदले हासू आलं, अन् मंधातच तोंड वाकडं झालं. "मरून गेला असता, तं मले तेरवीले कळलं असतं. पत्रावळीवर बसून इचारलं असतं, काय झालतं म्हून."

मधुकररावानं सदरा खाली केला.

पंगत बसतच होती. ताराचंदनं हाताले धरून बाजूले बसवलं अन् वरडला, "महाराजाचा नेम फिटला आज!" सारे गप्प झाले. महाराजाच्या पहिल्या घासाची वाट पाहत बसले. मधुकररावानं रोडगा फोडला, तूप मुरवलं, वांग्याच्या भाजीत बुडवून घास घेतला. अन् त्या चिडीचुपीत पिशवी बोलली.

गुर्रर्र!

सगळे मुंडके वळले. मधुकररावाचा हात जमिनीवर टेकला, गुडघा उचलला.

ताराचंदनं आपल्या पोटावर थाप मारली. "पाहता काय बे? सकाळपासून उपाशी आहो. माह्यं पोट आहे!"

मधुकररावानं गुडघा खाली टेकला.

"त्याचं नाई," ते म्हणाले. आवाज बारीकच निघाला. "माह्यं आहे. आतड्याचा कॅन्सर होता मले. पोटावर पिशवी आहे, ते वाजते. नेम खोटा होता. आज साफ निघालो."

बाजूले बसलेल्या लक्ष्मणरावानं आपली पत्रावळ वीतभर दूर सरकवली. मधुकररावाले दिसलं ते.

मंदाबाई तुपाचं भांडं घेऊन उभी होती. "अन् तो अंगारा?"

"उदबत्तीची राख."

मंदाबाई वाकली अन् रोडग्यावर इतकं तूप वतलं, का पत्रावळीवरून वघळलं.

"खा आता, भाऊजी. थंड झाला."

पिशवी अजून दोनदा बोलली. एक पोट्टं हासलं, त्याच्या मायनं त्याले चापट देल्ली. लक्ष्मणराव हात धुवाले गेले. बाकीचे बी उठले. मधुकरराव बसूनच होते. शेवटचा माणूस उठेपर्यंत उठले नाई.