ठेंगणी सीट, उंच मुलगी

मित्रांनो, दुकानाच्या काचेआड चकाकणाऱ्या गाड्या तुम्ही पाहिल्या असतील. मी तशी दिसत नाही, आणि आता दिसण्याची हौसही राहिलेली नाही. मी मातीतली गाडी आहे. मला डर्ट बाइक म्हणतात. डोंगरातल्या पायवाटा, दगडगोटे, ओढ्याची वाळू, चिखल, हेच माझं अंगण. म्हणून माझी चाकं दातेरी, मडगार्ड उंच आणि पोट जमिनीपासून चांगलं वर उचललेलं. अंगावर इतके ओरखडे आहेत, की माझा मूळ रंग कोणता ते टाकीखाली वाकून पाहावं लागेल. थंडीत पहिल्या किकला मी उठत नाही. दुसऱ्यालाही नाही. उठले तरी थोडा वेळ खोकते. वय झालं की असंच व्हायचं.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. आवाज फार होता आणि आम्ही सगळ्या बहिणी अगदी एकसारख्या होतो, एवढंच. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते एका दुकानापुढच्या फरसबंद अंगणात. दुकान गाड्यांच्या सीट शिवणाऱ्याचं होतं. आत रेक्झिनच्या गुंडाळ्या उभ्या केलेल्या, कोपऱ्यात फोमचे थर रचलेले आणि खिडकीपाशी एक जाडजूड शिलाई मशीन. त्या कारागिराला सगळे सीटमास्तर म्हणत. वरच्या मजल्यावर त्यांचं घर होतं. बायको, थोरला मुलगा, धाकटी मुलगी.

मला आणलं ते थोरल्यासाठी. थोरला अंगाने चपळ, पण उंचीला बेताचा. माझ्यावर बसला की त्याचे पाय जमिनीला न टेकता लोंबकळायचे. थांबायचं म्हटलं की तो एका अंगाला कलंडायचा आणि त्याच्याबरोबर मीही. वरून त्याची आई हसायची. "अरे, तू गाडीवर बसलायस की गाडीने तुला पाठुंगळी घेतलंय?"

मग एका सकाळी मास्तरांनी माझी सीट उतरवली. कव्हर धरून ठेवणाऱ्या पिना काढल्या, कव्हर सोललं आणि लांब पात्याच्या सुरीने आतला फोम पातळ पातळ कापत नेला. मधे एक खोलगट बैठक कोरली. थोरल्याला पुन्हा पुन्हा बसवून पाहिलं. हँडल थोडं मागे ओढून घेतलं. वरून दुहेरी टाक्यांचं नवं कव्हर शिवलं. त्या दिवसापासून थोरला आणि मी असे काही जुळलो, की विचारू नका. डोंगरावरच्या शर्यतीत आम्ही दोनदा पहिले आलो. लोक माझ्याभोवती गोळा व्हायचे, टाकीवर थापा मारायचे. मास्तर मात्र माझ्या सीटवरून हात फिरवत म्हणायचे, "बैठक बघा बैठक. अशी बैठक कारखान्याला जमायची नाही."

मित्रांनो, कौतुकाचे दिवस फार नसतात. थोरल्याला लांबच्या देशात नोकरी लागली. जाताना त्याने मला धुतलं, साखळीला तेल घातलं आणि मला ताडपत्री पांघरली. "पुढच्या वर्षी येतो," म्हणाला. सुरुवातीला मास्तर अधूनमधून ताडपत्री काढून मला चालू करायचे. मग ते कमी झालं. टायर बसले, सायलेन्सरच्या तोंडात गांधीलमाशीने घर केलं. थोरल्याचे फोन यायचे, तो यायचा नाही.

इकडे धाकटी वाढत होती. किती वाढावं एखाद्याने? आई दरवर्षी तिच्या पायजम्यांची दुमड उसवायची, आणि एका वर्षी उसवायला दुमडच उरली नाही. घरातले दिवे तीच बदलायची, स्टुलाशिवाय. थोरला परदेशी जायच्या आधीपासूनच तिला बांबू म्हणायचा, आणि ती चिडायची नाही, उलट वाकून त्याच्या डोक्यावर हनुवटी टेकवायची.

शिक्षण संपल्यावर तिला पाणीपुरवठ्यात काम मिळालं. शहराला पाणी आणणारी मोठी पाइपलाइन डोंगरातून येते. तिच्या कडेने रोज फिरायचं, कुठे गळती आहे का, कुठली झडप सैल झालीय का, ते पाहायचं. तिथे जीप जात नाही. ज्याच्याकडे मातीत चालणारी गाडी असेल त्यालाच ते काम. तेही आधी कच्चं. मुकादमांना पटलं तर पक्कं.

ताडपत्री निघाली तेव्हा मला उजेडाचा त्रास झाला. टायर बदलले, तेल बदललं, चार-पाच किक खाऊन मी जागी झाले. धाकटी माझ्यावर बसली आणि तिचे गुडघे थेट हँडलला जाऊन भिडले.

"बाबा, हे काय? बालवाडीच्या बाकावर बसल्यासारखं वाटतंय."

"हँडल आता गुडघ्यांनीच धर," आई वरून म्हणाली. "हात मोकळे राहतील."

"हसू नकोस गं आई. बाबा, सीट उंच करून द्या ना. तुमच्या हातचंच काम आहे."

मास्तर सीटवरची धूळ पुसत होते. पुसून झाली तरी पुसत राहिले. "ती त्याच्या मापाची आहे. तो आला की बसेल कुठे?"

"दादा आला की मी उतरेन ना."

"बघू," मास्तर म्हणाले. त्यांचं बघू म्हणजे नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

तशीच ती मला घेऊन जाऊ लागली. मित्रांनो, माझ्यासारखी गाडी खडबडीत वाटेवर बसून चालवत नाहीत, फूटरेस्टवर उभं राहून चालवतात. दगडावरून चाक उडालं की धक्का गुडघ्यांत जिरतो. पण धाकटी उभी राहिली की हँडल तिच्या मांड्यांपाशी यायचं. ती हरवलेली सुई शोधावी तशी वाकून मला हाकायची. बसली, तर थोरल्याच्या मापाच्या खळग्यात अडकायची, पुढे सरकता येत नव्हतं, मागेही नाही. फूटरेस्ट वर, सीट खाली, आणि मधे तिचे एवढे लांब पाय घडी घातलेले. संध्याकाळी अंगणात उतरताना ती आधी थोडा वेळ माझ्यावरच बसून राहायची. कंबर सरळ होईपर्यंत उतरताच यायचं नाही. आम्ही दोघीही दमलेल्या असायचो. ती न जुळणाऱ्या गाडीने, मी न जुळणाऱ्या स्वाराने.

मुकादम काही दुष्ट माणूस नव्हते. पण त्यांनी एक दिवस तिला थांबवून सांगितलंच. "पोरी, एका फेरीला तुला दुप्पट वेळ लागतोय. मला रोज पाइप बघणारा माणूस हवाय, पाठ धरून बसणारा नको. महिनाअखेरपर्यंत बघतो. नाही जमलं तर दुसरं कुणीतरी शोधावं लागेल."

हे तिने आईला जिन्यात सांगितलं. मास्तर दुकानात शिवत होते. मशीन थांबलं, आणि बराच वेळ चालू झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मास्तरांनी एकट्याने माझं हँडल सोडलं, खाली लोखंडाचे दोन ठोकळे घातले आणि हँडल चांगलं वर चढवून आवळलं. सीटला हात लावला नाही. गल्लीच्या तोंडाशी मेस्त्रींचं गॅरेज होतं. मेस्त्री मास्तरांचे लहानपणापासूनचे दोस्त, माझी नस अन् नस त्यांना माहीत. तरी मास्तर त्यांच्याकडे गेले नाहीत. ते सगळ्यात आधी सीटकडेच बोट दाखवणार, हे मास्तरांना कळत होतं.

मी सरळ उभी होते तोवर सगळं ठीक होतं. पण हँडल वर गेलं आणि ॲक्सिलरेटरची केबल तेवढीच राहिली. हँडल पूर्ण डावीकडे वळलं की ती ताणली जायची आणि कुणी मूठ न पिळताही माझं इंजिन आपोआप रेस व्हायचं. मला ते लगेच कळलं. पण आम्हाला बोलता कुठे येतं?

"वा, आता जरा माणसात आले," दुसऱ्या सकाळी धाकटी म्हणाली आणि बाबांचा हात दाबून निघाली. सरळ वाटेवर तिला खरंच बरं वाटत होतं. पाण्याच्या टाकीखाली वाट एकदम डावीकडे वळते. तिथे वेग कमी करून हँडल पुरतं वळवावं लागतं. तिने वळवलं, आणि मी तिच्या मनाविरुद्ध पुढे झेपावले. दगडांवर आम्ही दोघी आडव्या झालो. तिचं मनगट लचकलं, हनुवटी खरचटली. माझा क्लचचा दांडा वाकला. कशीबशी, उतारावर मला सोडत, ती घरी आली.

"काही नाही हो बाबा, पाय आडवा आला," ती म्हणाली. "एवढे लांब पाय, ठेवू तरी कुठे?"

ती वर गेल्यावर मास्तरांनी मला आत लावायला चालू केलं आणि डावीकडच्या कोपऱ्याकडे हँडल वळवलं. मी किंचाळले. त्यांनी हँडल सरळ केलं, मी गप्प झाले. पुन्हा वळवलं, पुन्हा किंचाळले. मग त्यांनी मला बंद केलं आणि पायरीवर बसले. चेहरा इतका उतरला होता, की मलाच वाईट वाटलं. थोड्या वेळाने ते चप्पल न घालताच मेस्त्रींना बोलवायला गेले.

मेस्त्रींनी हँडलखाली बोट घालून पाहिलं. "हे ठोकळे कुणी घातले?"

"मी."

"आणि मला विचारायला काय जीभ झडली होती?"

"तू सीट उसव म्हणाला असतास."

"म्हणालोच असतो. आताही म्हणतो." मेस्त्री त्यांच्या शेजारी टेकले. "अरे, पोरगा आला तर पुन्हा कापू की. फोम काय सोन्याचा आहे? ही पोरगी मात्र रोज त्याच्या जागेवर बसून मोडतेय."

 मास्तर उठून जिन्यापाशी गेले आणि हाक मारली, "बाळ, खाली ये. माप घ्यायचंय."

मग जे झालं ते मी कधी विसरणार नाही. दोघांनी दोन बाजूंनी मला सरळ धरलं. "फूटरेस्टवर उभी राहा," मेस्त्री म्हणाले. "गुडघे जरा सैल. डोळे मीट. आता हात आपसूक जातील तिथे धर." पट्टी बांधलेला हात आणि चांगला हात, दोन्ही हवेत थांबले. हँडल होतं त्याच्या पुष्कळ पुढे आणि थोडे वर.

"काका, उघडू का डोळे? मला भुतासारखं वाटतंय."

"भुतं एवढी उंच नसतात," मेस्त्री म्हणाले आणि खडूने खुणा करत सुटले.

जास्त लांबीच्या केबल आल्या, ब्रेकची नळीही लांब आली. हँडल पुढे झुकवलं आणि दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळवून पाहिलं. फूटरेस्ट खाली उतरवले, त्यामागोमाग गिअरचा आणि ब्रेकचा दांडाही. आणि मास्तरांनी माझी सीट मांडीवर घेऊन दुहेरी टाके एकेक करून उसवले. कव्हर निघालं. आतल्या फोममध्ये थोरल्याच्या बसण्याचा खळगा तसाच होता. मास्तरांनी त्यात तळहात ठेवला. मग तो फोम काढून कचऱ्याच्या पोत्यात टाकला, आणि नवा उंच, सपाट थर कापायला घेतला. धाकटीला हवं तसं पुढे-मागे सरकता यावं म्हणून सपाट.

शिवण अर्धी झाली असताना थोरल्याचा फोन आला. मास्तरांनी फोन मशीनवरच ठेवला.

"तुझी सीट उसवली रे मी," ते म्हणाले.

"कुठली सीट?"

"गाडीची. तुझ्या मापाची होती ना."

"ती गाडी आहे अजून? मला वाटलं, तुम्ही केव्हाच विकली असेल." मग तो हसला. "बांबू चालवते? तिचे पाय मावतात?"

मास्तरांनी नव्या सीटवरून हात फिरवला. "मावतील आता," ते म्हणाले.

फोन ठेवल्यावर आई दारात आली. "चहा टाकू?"

"टाक. एवढी कड शिवून होऊ दे." आणि मशीन पुन्हा चालू झालं. मी भिंतीला टेकून ऐकत होते. इतकी वर्षं ते एका जागेची राखण करत होते, आणि ज्याची जागा, तो ती विसरूनही गेला होता. मला त्याचा राग आला नाही. तरुण माणसं विसरतात. पण मास्तरांचा पाय त्या दिवशी मशीनवर जड पडत होता.

महिनाअखेरीला, मनगट बरं झाल्यावर, धाकटी मला घेऊन निघाली. टाकीखालच्या वळणावर मुकादम उभे होते. ती ताठ उभी, कोपर बाहेर, नजर लांब. हँडल टोकापर्यंत वळलं, मी आवाज वाढवला नाही, आणि आम्ही वळण घेऊन अलगद वर आलो. मुकादमांनी हातातला, तिच्या जागी घ्यायच्या माणसांच्या नावांचा कागद घडी करून खिशात घातला.

"नाव पक्कं करतो," ते म्हणाले. "आणि ऐक, वरच्या टप्प्याला कुणी जायला तयार नाही. उद्यापासून तीही फेरी तुझी."

म्हणजे माझीही. मला कुणी विचारलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी सायकल, एखादी गाडी कुणाची तरी वाट पाहत झाकून ठेवलेली असेल. माझं एवढंच ऐका. तिला उघडा. आज घरात जो आहे त्याच्या मापाची करून त्याला द्या. कापावं लागलं तर कापा, उसवावं लागलं तर उसवा, आम्हाला दुखत नाही. अर्धवट मात्र काही करू नका, त्याने माणूस पडतो. आणि संध्याकाळी परत आणलंत की साखळीवरचा चिखल तेवढा पुसा. आम्ही मागत नाही, पण दमतो.

धाकटीने आत्ताच माझी साखळी पुसली आहे. वरच्या टप्प्याचा चढ फार मोठा आहे म्हणतात. मी जरा विसावते.