सिदराच्या ओढणीची मंजिष्ठा

मी मंजिष्ठा बोलतेय. नाव ऐकून हुरळून जाऊ नका. दिसायला मी एक खरखरीत, कपड्यांना अडकणारी वेल. साबिरानं मला सुकापूरच्या फ्लॅटच्या गॅलरीत, निळ्या पिंपात लावलं, तेव्हा शेजारीण म्हणाली, "हे काय गवत वाढवलंस?" माझा रंग जमिनीखाली, मुळांत. तो मुरायला तीन वर्षं लागतात. तेवढा धीर माणसांना कुठला!

साबिराला होता. नवरा मुश्ताक कुवेतला. घरातला सोफा, पडदे, भिंतींचा रंगसुद्धा त्यानं फोनवरून ठरवलेला. ती लेकीला, सिदराला म्हणायची, "तुझ्या लग्नात सगळं अब्बा आणतील. पण निकाहची लाल ओढणी मी रंगवीन. एवढी एक गोष्ट माझ्या हातची असू दे."

मुळासकट उपटून घ्यायला कुणाला आवडेल? पण खोटं कशाला बोलू, त्या ओढणीसाठी मी तयार होते.

निकाहच्या चार दिवस आधी तिनं मला उपटलं. मुळं धुतली, कुटली, रात्रभर भिजवली. तुरटी लावलेली पांढरी ओढणी त्या पाण्यात सोडली आणि गॅस अगदी बारीक ठेवला. मला उकळी सोसत नाही. लाल निघून जातो, मातकट तपकिरी उरतो. हळूहळू ओढणीवर लाली चढली. साबिरा हरखली आणि दुपारच्या, जुहरच्या नमाजला गेली.

मुश्ताक पंधरा दिवसांच्या रजेवर आलेला, त्याच्या पायाला भिंगरी. बायकोला मदत म्हणून त्यानं गॅस मोठा केला. वर झाकणही ठेवलं!

ती आली तेव्हा पातेलं खदखदत होतं आणि ओढणी चहाच्या चोथ्यासारखी झाली होती.

"मला काय माहीत गं? डाळीसारखं शिजवायचं असेल असं वाटलं," तो ओशाळून म्हणाला. "रडू नकोस. पनवेलच्या बाजारातून आत्ता आणतो, याहून लाल."

आणली. याहून लालच होती.

पिंपात माझं एक मूळ चुकून राहिलं होतं, म्हणून निकाहच्या सकाळचंही मला ऐकावं लागलं. सिदराला सजवताना बायका ओढणी हातात घेऊन बघत होत्या. साबिराचा उतरलेला चेहरा पाहून मुश्ताक मोठ्यानं म्हणाला, "ही साबिरानं रंगवलीय हं! घरच्या झाडापासून."

"माशाअल्लाह! खरंच, साबिरा?" सिदराच्या खालानं, साबिराच्या बहिणीनं विचारलं.

साबिरा नवऱ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हो."

त्याला वाटलं, आपण तिची लाज राखली. एवढंही कळू नये माणसाला?

आता कामोठ्याहून खालाचा फोन येतो, "आमच्या यूम्नालाही निकाहसाठी तश्शीच रंगवून दे." साबिरा गॅलरीत येत नाही. उरल्या मुळाला दोन पानं फुटलीत, पण माती तडकलीय. मुश्ताक कुवेतहून विचारतो, "झाडाला पाणी घालतेस ना?" ती घालते म्हणते.

माझं सोडा. मला पाणी नाही मिळालं तरी चालेल. पण त्या बाईला एकदा तरी चारचौघांत म्हणू द्या, की ती ओढणी तिनं रंगवली नव्हती.