मिहिकाची खाकी पँट

माझी लेक खोटं बोलतेय, हे तिच्या कपाटात खाकी पँट सापडली तेव्हाच मला कळलं. पँट पुरुषाची. सोबत खाकी शर्ट, टाय आणि शिपाई तिरकी घालतात तसली टोपी. सगळं ब्लँकेटच्या मागे पिशवीत कोंबलेलं.

आता माणसाने काय समजायचं? गुरुवारी तिच्या कॉलेजात डान्स होता. अठ्ठ्याण्णव साली या पोरींना महायुद्धाच्या काळातले कपडे घालून नाचायची हौस आली होती. मिहिकाने मला छातीठोकपणे सांगितलं होतं, "मम्मा, ओन्ली गर्ल्स. बॉइज नॉट अलाउड." मग फक्त मुलींच्या डान्सला पुरुषाची पँट कशाला लागते? दुबईत, या अल कुसैसमध्ये इतकी वर्षं काढली आहेत मी. कुणाची मुलगी लायब्ररीच्या नावाखाली कुठे जाऊन बसते, ते सगळं मला ठाऊक असतं.

पँट तिच्या बाबांची नव्हती हे उघड होतं. मुरलीधरांचं पोट त्या पँटमध्ये या जन्मी मावलं नसतं. मी ती उचलली आणि बिल्डिंगखालच्या याकूब टेलरकडे गेले.

"हां बाजी, बेबी ने सिलवाई," तो म्हणाला. "बोली, पुराने ज़माने की फ़ौजी पैंट चाहिए, ऊँची कमर की."

"नाप किसका है?"

"नाप तो बेबी ने ज़बानी बताया. मैंने पूछा नहीं."

एवढं बोलून तो मान खाली घालून काजं करत बसला. एरवी याकूबचं तोंड उघडलं की मिटत नाही. म्हणजे यालाही सगळं माहीत होतं!

उम्म अल कुवैनच्या फॅक्टरीतून हे दमून आले, तेव्हा त्यांना सांगितलं. "सरळ विचार ना तिला," म्हणाले. सरळ विचारून कुठली मुलगी सरळ सांगते? जाऊ नकोस म्हटलं असतं, तर जो पोरगा ही पँट घालणार होता तो सुटला असता. तो मला डोळ्यांसमोर दिसत होता. सडपातळ, केसांना जेल थापलेला, माझ्या मुलीने शिवून आणलेल्या पँटमध्ये ऐटीत नाचणारा. स्वतःची पँटसुद्धा शिवून घेता येत नाही मेल्याला! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी ब्लेड घेतलं. पँटची मागची, बसायच्या जागेची शिवण वीतभर उसवली आणि तिथे वरवर कच्चा धावदोरा घातला. नुसतं बघून कळणार नाही, पण नाचताना जरा वाकला की सगळ्यांसमोर टर्रकन फाटली पाहिजे. पुन्हा माझ्या मुलीच्या वाटेला जायचा नाही. मग पँट होती तशी घडी घालून ठेवून दिली. खोटं कशाला बोलू, पुढचे दोन दिवस माझे मजेत गेले.

गुरुवारी संध्याकाळी खाली हॉर्न वाजला. मिहिकाच्या मैत्रिणीची, रिद्धीची आई सगळ्या मुलींना न्यायला आली होती. मिहिका खोलीतून बाहेर आली आणि मी हातातला चहा खाली ठेवला.

खाकी पँट, खाकी शर्ट, टाय. केस टोपीत खोचलेले. वरच्या ओठावर आयब्रो पेन्सिलने काढलेली बारीक मिशी.

"हे काय?"

"सोल्जर. हाफ द क्लास इज सोल्जर्स, मम्मा. बॉइज नाहीत, मग फ्रॉकवाल्यांबरोबर डान्स कोण करणार? चिठ्ठ्या टाकल्या. आय गॉट सोल्जर."

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

"ओन्ली गर्ल्स सांगितलं, ते कुठे पटलं तुला? हे सांगितलं असतं, तर यू वुड हॅव कॉल्ड एव्हरीबडी."

ते खरं होतं. दहा घरी फोन केले असते मी. तिने आरशासमोर एक गिरकी घेतली आणि माझी नजर मागच्या शिवणीवर गेली. पुन्हा हॉर्न वाजला.

"पँट काढ," मी म्हणाले.

"व्हॉट? व्हाय?"

"काढ म्हणते ना. मागची शिवण मी उसवलीय."

तिला आधी कळलंच नाही. मग मी सगळं सांगितलं. तो पोरगा, ते ब्लेड, तो धावदोरा. मला वाटलं, हसेल. मी स्वतः थोडी हसलेसुद्धा.

"सगळ्यांसमोर फाटावी म्हणून?" तिने चक्क मराठीत विचारलं.

मला हो म्हणावं लागलं.

ती आत गेली, पायजमा घालून आली आणि पँट माझ्या मांडीवर टाकली. मी मशीनवर बसले. सुईत दोरा जाईना. शेवटी तिनेच ओवून दिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी शिवण दुहेरी मारली.

"घे. आता कितीही नाच, उसवायची नाही."

तिने पँट घेतली आणि उलटी केली. दिव्याखाली धरून मागची शिवण दोन्ही हातांनी ताणून पाहिली. मग दोन्ही पायांच्या शिवणी. मग कमरेचा पट्टा, बटणं, खिसे. मग टायची गाठ सोडून तिने अंगातला शर्टही उतरवला आणि बाह्या उलट्या केल्या. खाली रिद्धीची आई हॉर्न वाजवत होती, आणि माझी मुलगी माझ्याकडे न बघता एकेक शिवण ओढून बघत होती.