थोराची लेकरं आणि सूनबाईची माया

मी थोराची, म्हणजे निवडुंगासारख्या काटेरी झुडपाची, एक जुनी जाळी आहे. रोपवाटिकेच्या कुंपणाला टेकून उभी असते. मित्रांनो, माझी तक्रार आहे ती इथल्या सूनबाईबद्दल. उठली की हातात झारी. तोंड धुवायच्या आधी झारी. मला अक्षरओळख नाही, पण तहान म्हणजे काय ते चांगलं कळतं, आणि मला ती लागलेली नव्हती.

समोरचा उतार एके काळी आमच्याच भाऊबंदांचा होता. दगडासाठी तो खरवडला गेला आणि मी तेवढी उरले. आता मुनिया पाखरांची सगळी घरटी माझ्याच काट्यांत दाटीने बसलेली. मांजराची आत यायची टाप नाही, हा माझा मान.

उतारावर पुन्हा थोर लावायचा, हे सूनबाईनेच मनावर घेतलं. आमचा पांढरा चीक डोळ्यांना वाईट, म्हणून चष्मा, हातमोजे घालून तिने माझ्या फांद्या कापल्या. पण तिने त्या ओल्या जखमेनिशीच पिशव्यांत खोचल्या आणि रोज पाणी पाजलं. लेकरं बुडापासून कुजली.

"नावाचाच थोर," तिचा नवरा म्हणाला. "घोटभर पाण्यात विरघळला."

"मी काय कमी केलं हो?"

"कमी काहीच केलं नाहीस, तेच तर म्हणतोय. जाऊ दे, उतारावर परदेशी फुलझाडं लावू. दिसायला तरी बरी."

त्या फुलझाडांत घरटं कोण बांधणार?

सूनबाईने हट्टाने पुन्हा फांद्या कापल्या. तेवढ्यात माहेराहून निरोप आला, आई पाय घसरून पडली. ती तशीच धावली. फांद्या ओसरीवरच्या फळीवर विसरल्या.

दहा-बारा दिवसांनी ती परतली तेव्हा नवरा टोपली घेऊन उभा. "सरपण झालंय तुझ्या थोराचं. टाकून येतो."

तिने एक फांदी उलटी करून पाहिली. चीक थांबून कापल्या जागी कोरडी, घट्ट खपली धरली होती.

"ठेवा खाली ती टोपली. जखम भरलीय हिची."

वाळू मिसळलेल्या मातीत तिने त्या लावल्या. हात झारीकडे जायचा, ती तो पदरात गुंडाळायची. मुळं धरली.

आज माझ्या लेकी उतारावर लागल्या. जाताना सूनबाई माझ्यापाशी थबकली, डोळे भरलेले. मित्रांनो, कुणाला जपायचं असेल, तर त्याला काय सोसतं ते आधी बघा. तिला मात्र मी तोंडावरच सांगितलं,

"सूनबाई, माया तुझी भरपूर आहे. आता तेवढं मधूनमधून विसरायला शीक."