घरचा काळा, पाव्हण्याचा पिवळा

मी एक जुनी काहील आहे. माझ्या कडीला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली आहे आणि गाठीवर लाल लाख आहे. चिठ्ठीवर लिहिलंय, ‘हलवू नये.’ म्हणून मी हलत नाही. बोलू नये, असं मात्र त्यावर कुठंच लिहिलेलं नाही.

तर ऐका, मित्रांनो. काहील म्हणजे उसाचा रस उकळायची भलीमोठी पसरट कढई. मला बारामतीत एका लोहाराने पत्रे जोडून, रिबिटा ठोकून घडवलं. बैलगाडीत पालथी घालून मला इंदापूरच्या वाटेवर, कालव्याकडेच्या बानूबाईच्या गुऱ्हाळावर आणलं. ऊन तापलं तेव्हा गाडीवान माझ्याखाली शिरून विडी ओढत बसला. चुलाणावर चढवण्याआधी बानूबाईने मला हळदकुंकू लावलं.

नाही. इथून नको. वासापासून सांगते.

काडेपेटीची काडी ओढल्यावर नाकात एक उग्र वास शिरतो ना, तो वास. पांढऱ्या पावडरीचा. ती माझ्यात पहिल्यांदा पडली ती १९९१ सालची सुगी. त्याआधी माझ्यात रस, रानभेंडीचं चिकट पाणी आणि थोडा चुना एवढंच पडायचं. भेंडीच्या पाण्याने मळी वर यायची, सावळाराम ती झाऱ्याने काढून टाकायचा. सावळाराम आमचा गुळव्या, रस शिजवून गूळ करणारा. पाक झाला का, हे तो घड्याळ बघून ठरवत नसे. थेंबभर पाक गार पाण्यात टाकायचा, त्याची गोळी करायचा आणि माझ्या काठावर मारायचा. टण्ण वाजली की खाली जाळ ओढणं बंद. जाळावर गुलजार असायचा. तो चिपाडं सारत म्हणायचा, आमच्या सावळारामतात्याचं लगीनसुद्धा असंच ठरलं, पोरगी काठावर आपटून बघितली. सावळाराम हसायचा नाही, पण त्याचा झारा थोडा हळू चाले.

त्या दिवसांत आमच्या गुळाचं नाव होतं. मग बाजार समितीत रंग बघून बोली लागायला लागली. पिवळा गूळ पुढे, काळपट गूळ कोपऱ्यात. पावडर आली. तिने गूळ लिंबासारखा पिवळा व्हायचा. सावळाराम आधी मूठभर टाकायचा, मग दोन मुठी. गोळी माझ्यावर तशीच वाजायची. टण्ण. मला भीती वाटली ती त्या आवाजाची. तो बदलायला हवा होता.

घरासाठी मात्र बानूबाई एक काहीलभर गूळ वेगळा काढून घ्यायची. बिनपावडरीचा. तिची नात सुकन्या पावडरीचा गूळ खाल्ला की खोकायची, म्हणून. त्या काळ्या ढेपा मागच्या फळीवर, गोणपाटाखाली असत.

आता परवान्याचं सांगते. आमचा ऊस साखर कारखान्याच्या हद्दीतला. तो गुऱ्हाळाला वळवायचा तर सरकारी परवाना लागे, आणि तो दर वर्षी नवा करावा लागे. १९९६ साली पत्र आलं, की यंदा आधी गुळाचा नमुना तपासणार. नापास झाला तर गुऱ्हाळ बंद. पत्रात बाकी काही नव्हतं. कालव्यापलीकडे औद्योगिक वसाहतीच्या हद्दीचे, चुन्याने आकडे टाकलेले दगड तेव्हाच रोवले जात होते. रोज एक जवळ.

बानूबाईने ठरवलं, नमुना न्यायला येणाऱ्या साहेबाला असा गूळ दाखवायचा की त्याचे डोळे दिपले पाहिजेत. तिने सावळारामला बजावलं, पावडरीला हात आखडू नको. त्या दिवशी त्याने तीन मुठी टाकल्या.

माझं बूड चरचरलं, मित्रांनो. पण काहिलीला तोंड असून काय, ते वरच्या बाजूला असतं आणि कायम भरलेलं.

साहेब आले. सडपातळ, मवाळ बोलणारे. त्यांनी ताजी ढेप हातात घेतली, नाकाजवळ नेली आणि खाली ठेवली. मग त्यांची नजर मागच्या फळीकडे गेली. गोणपाट सरकलं होतं.

“तो कोणता गूळ?” त्यांनी विचारलं.

बानूबाई पुढं झाली, पदराने फळी झाकली. “ते घरचं हाय, साहेब. काळं.”

“मग त्यातलाच द्या की.”

तो एक क्षण. रसाला उकळी फुटायच्या आधी पृष्ठभाग जसा अगदी गुळगुळीत होतो, तसा. सावळारामने मान खाली घातली. गुलजारने चिपाड सारायचं थांबवलं.

“आवं, पाव्हण्याला काळा गूळ द्यायचा?” बानूबाई म्हणाली. “गुऱ्हाळाचा आब राखाया नगं व्हय?”

साहेबांनी फळीकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग त्यांनी पिवळ्या ढेपेचे तीन तुकडे केले, तीन बाटल्यांत भरले. गुलजारने साक्षीदार म्हणून सही केली. बाटल्यांवर लावायची लाख त्यांनी माझ्याच चुलाणातल्या जाळावर वितळवली.

जाताना बानूबाईने त्यांच्या हातावर आणखी एक तुकडा ठेवला. अर्थात, पिवळा.

दोन महिने काहीच आलं नाही. दगड पुढं सरकत राहिले.

मग पत्र आलं. गंधक मर्यादेबाहेर. परवाना नाही. चुलाण विझवलं, ही चिठ्ठी बांधली. पत्र वाचून झाल्यावर सावळारामने फळीवरची एक काळी ढेप उचलली, बराच वेळ न्याहाळली.

“म्हंजी ह्यो दिला असता तर?”

गुलजार चेष्टा करील, असं मला वाटलं होतं. त्याने राख झाडली आणि उठून गेला.

आता माझ्यात पाणी साचतं, त्यावर तांबडी साय धरते. सावळाराम कधी येतो, खडा उचलतो आणि माझ्या काठावर मारतो. गंजाने आवाज बसला आहे. टण्ण येत नाही, थप्प येतं. तरी तो कान लावून उभा राहतो.

मित्रांनो, मला घासा, पुसा, असं मी सांगणार नाही. तेवढा वेळ उरलेला नाही. एवढंच करा. जे आपल्या लेकराला देता, तेच पाव्हण्याला द्या, आणि तेच बाजाराला.

काल तो दगड रोवणारा माणूस या बाजूला आला. त्याने चिठ्ठी वाचली. मग डब्यात कुंचला बुडवून माझ्या काठावर चुन्याने पुढचा आकडा टाकला.